‘कृत’ आणि ‘कारित’

कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर व बदलापूर यांच्यामध्यें अंबरनाथ लागतें. तेथील वालधुनीच्या कांठचें शिवालय कोणीं बांधलें? दंतकथा म्हणते, पांडवांनीं, आणि तेंही एका रात्रींत! देवळांतील शिलालेखावर मात्र शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हें वर्ष असून लेख शिलाहार राजा मुम्मुणि याच्या काळचा आहे. म्हणून ‘मुम्मुणीनें बांधलें’ असें लिहिण्यांत येतें. क्रियापदापुरतें पाहिलें तर दंतकथाच अधिक बिनचूक ठरते, कारण तिच्यांतले पांडव स्वतः दगड रचतात. राजानें कांहीं हातीं छिन्नी धरली नव्हती.

संस्कृतांत हा भेद एका प्रत्ययानें दाखवितां येतो. ‘कृ’ म्हणजे करणें. ‘करोति’ म्हणजे करितो. याच धातूला प्रेरणेच्या अर्थीं ‘णिच्’ प्रत्यय लागला कीं ऋकाराची वृद्धि होऊन ‘कारि’ असा नवा धातु सिद्ध होतो आणि ‘कारयति’, म्हणजे करवितो, हें रूप मिळतें. क्रिया पुरी झाली असें सांगणारा ‘क्त’ प्रत्यय लागला असतां पहिल्याचें ‘कृत’ होतें, दुसऱ्याचें ‘कारित’.

पाणिनि येथें दोन कर्ते मानतो: एक स्वतः क्रिया करणारा, दुसरा त्याला प्रवृत्त करणारा. राजा प्रथमेंत राहिला, मग पाथरवटाचें काय? असा मूळ कर्ता सामान्यतः तृतीयेंत जातो. जाणें, जाणणें, खाणें अशा अर्थांच्या धातूंचा बहुधा द्वितीयेंत. ‘कृ’ला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘राजा शिल्पिना देवालयं कारयति’ हें शुद्ध, आणि ‘शिल्पिनं’ म्हटलें तरी शुद्धच. पण ‘राज्ञा देवालयः कारितः’ असें कर्मणि वाक्य झालें कीं शिल्प्याला गाळलें तरी वाक्य पुरें होतें. गंमत अशी कीं, ‘कारित’मध्यें खुद्द णिच्‌ही लोप पावलेला असतो, दिसते ती ‘इ’ इट् या आगमाची. प्रत्ययाची खूण उरते ती ‘का’मधल्या दीर्घ आकारांत, आणि करणारा कोणी निराळा होता हें तेवढ्यावरूनच कळतें.

जुन्या मराठीनेंही हा भेद जपला होता. श्रवणबेळगोळ येथें गोमटेश्वराच्या पायाशीं कोरलेल्या मराठी लेखांत चावुंडराजाच्या नांवापुढें ‘केलें’ नव्हे, ‘करवियलें’ आहे. आतां ‘बांधविलें’ मागें पडलें. स्वतःच्या घराविषयीं बोलतांना मनुष्य अजूनही ‘बांधून घेतलें’ असें सहज म्हणतो. देवळापाशीं किंवा किल्ल्यापाशीं आला, कीं तोच ‘राजानें बांधलें’ म्हणूं लागतो.