देब्युसीचं पेडल आणि आपला षड्ज

दुबईतल्या अल बर्शाच्या इमारतींत संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून पियानो ऐकू येतो. बहुधा डिजिटल, बहुधा ग्रेडच्या परीक्षेची तयारी. वाजवणाऱ्यांत मराठी घरांतली मुलंही असतात. बाख-मोझार्टची घोकंपट्टी सरली की वरच्या इयत्तांना क्लोद देब्युसी भेटतो, आणि आतापर्यंत ‘टिंगटिंग’ म्हणून दुर्लक्ष करणारी सुटीवर आलेली आजी जरा सावरून बसते. तिच्या कानाला तिथे ओळखीचं काहीतरी लागलेलं असतं.

युरोपातल्या अभिजात संगीताचे कॉर्ड एकमेकांना पुढे ढकलतात. एकाने ताण द्यायचा, दुसऱ्याने तो सोडवायचा. रागाखाली हे प्रकरण ठेवलं की राग बिचारा फरफटत जातो. देब्युसीने ही ढकलाढकली सैल केली. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जावाचं गामेलान ऐकलं आणि १९०३ साली ‘पागोद’ लिहिलं. त्याच्या सुरुवातीला डाव्या हाताला खोल खर्जात सा आणि प, पेडल दाबून धरलेलं. वर जे सूर फिरतात ते सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूपाचे. भूप नव्हे, हे लगेच सांगायला हवं. चलन नाही, मींड नाही, आणि थोड्याच वेळात कोमल निषाद शिरतो. पण तो शिरूनही पुढच्या स्वराकडे धाव घेत नाही, आस संपेपर्यंत रेंगाळतो. तानपुऱ्याखाली वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं.

त्या काळच्या फ्रेंच संगीतकारांचं आपल्याकडे लक्षही होतं. आल्बेर रूसेल १९०९ साली हिंदुस्थान फिरून गेला. त्याच्या ‘एव्होकासियों’चा पहिला भाग वेरूळच्या लेण्यांवर आहे. (वाद्यवृंदाची ही रचना आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसावी, याची खंत वाटते.) सयाजीरावांच्या बडोद्यातल्या गायनशाळेचे प्रमुख मौलाबक्ष. त्यांचे नातू इनायत खान पॅरिसला गेले आणि १९१३च्या सुमारास देब्युसीला भेटले. त्याच वर्षीच्या देब्युसीच्या ‘खेळण्यांच्या पेटी’ या बॅलेत हत्तीची चाल आहे, पाच मात्रांची, आणि तिला जोडलेल्या टिपेत पहाटे पाचच्या हिंदू स्वरमालेचा हवाला. टीप निम्मी थट्टेची असावी, पण वेळेनुसार राग ही गोष्ट त्याच्या कानावर गेली होती, हे नक्की.

उलट दिशेचा प्रवास सांगायचा तर संगीतकार वनराज भाटियांचं नाव घ्यावं लागतं. १९२७चा जन्म, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज, माणेक भगतांकडे पियानो, मग लंडनची रॉयल अकॅडमी आणि १९५४पासून पॅरिसला नादिया बुलांजे. बुलांजे संगीतकार फोरेची शिष्या, म्हणजे फोरेकडेच शिकलेल्या राव्हेलची गुरुभगिनी. शिस्त कडक, धुक्यात हरवू देणारी बाई नव्हे. म्हणून भाटियांना देब्युसीचा वारसदार ठरवणं भाबडेपणाचं होईल. त्यांनी त्या परंपरेतून घेतलं ते एवढंच, की स्वरांचे थर रचायचे पण रागाला कुठे जायचं ते सांगायचं नाही. १९८८च्या ‘भारत एक खोज’चं शीर्षकसंगीत पुन्हा ऐका. नासदीय सूक्त समूहस्वरांत उभं राहतं, भरत जातं, आणि तरीही कुणी कुणाला ढकलत नाही. ‘मंथन’, ‘भूमिका’ या चित्रपटांपेक्षा मला हेच काम मोठं वाटतं. ‘तमस’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१२ला पद्मश्री. मे २०२१मध्ये ते गेले तेव्हा अनेक मथळ्यांत ‘लिरिल’ची जिंगल होती. पियानोच्या रचना, गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा ऑपेरा ‘अग्निवर्षा’ यांचा उल्लेख आला तर शेवटच्या परिच्छेदात.

दुबईच्या एक्स्पोच्या निमित्ताने ए. आर. रहमान यांच्या मार्गदर्शनाखाली ‘फिरदौस’ हा अरब जगतातल्या स्त्रियांचा वाद्यवृंद उभा राहिला. पॅरिसच्या प्रदर्शनासारखं इथेही काही उगवेल का, हे वाद्यवृंदापेक्षा शिकवण्यावर अवलंबून आहे. इथली मुलं देब्युसी वाजवतात ते परीक्षेच्या यादीत आहे म्हणून. भाटियांचं नाव त्यांना कुणी सांगत नाही. पियानोच्या शिक्षकाने एकदा ‘पागोद’च्या खर्जावर पेडल दाबून मुलाला भूप गुणगुणायला सांगावं. फी तीच राहील.