निनावी माणसांचे दप्तर

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात शेअरदलाल बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यपी भेटले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. सभासदाचे नाव बाहेर फोडायचे नाही, हा तिचा पाया. मग जुनी पत्रे जपायची कशी? विल्सन यांच्या सचिव नेल विंग यांनी ती सांभाळली. १९७५मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे अभिलेखागार झाले. अभ्यासकांना परवानगीने कागद पाहता येतात. नावे मात्र गुप्तच, माणूस वारला तरीही. केसपेपरचाही नियम हाच असायला हवा.

१९३९च्या मूळ पुस्तकाची छपाईपूर्व टंकप्रत खाडाखोडीने भरलेली आहे. ‘तुम्ही हे करा’च्या जागी ‘आम्ही हे केले’ असा सूर आलेला तिथेच दिसतो. व्यसनी रुग्णाला उपदेश पचत नाही, हे त्यांना तेव्हाच उमगले होते. ती प्रत २०१८मध्ये लिलावात सुमारे २४ लाख डॉलरला विकली गेली, खासगी संग्राहकाला.