जुन्या गाडीतला नफा

जुनी मोटार स्वस्तात घ्यावी, दुरुस्त करावी आणि चार पैसे ठेवून विकावी, हा धंदा नाशिकला नवा नाही. द्वारकेजवळ माझ्या मामाचे लहानसे गॅरेज आहे. सुट्टीच्या दिवशी तेथे काम करताना तो मी जवळून पाहतो.

हातात पाना आला की मजुरी वाचते आणि वाचलेली मजुरी हाच नफा, अशी बहुतेकांची समजूत असते. ती फारशी खरी नाही. क्लच बसवण्याच्या मजुरीपेक्षा, गाडीच चुकीची घेतली तर बुडणारी रक्कम कितीतरी मोठी असते. दुरुस्ती शिकायची ती मुख्यतः गाडी वाचता यावी म्हणून.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला, आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्या खोडीच्या भावात मागतो. मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणतच नाही. बैलबाजारात दात मोजून व्यवहार करणाऱ्या आपल्या आजोबांना हे नोबेलवाचून ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी!

मग मोटारीचे दात मोजावेत कसे? इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. बोनेट आधीच गरम लागले, तर मालकाला काही झाकायचे असेल अशी शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले गेली असावीत. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, आणि हा दोष बहुधा थोडक्यात निभावतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही आणि डिपस्टिकवरचे ऑईल चहासारखे दुधाळ दिसले, तर ऑईलमध्ये पाणी उतरले आहे. हेड खोलावे लागणार. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे रंगाखाली पुट्टी आहे. टायरवरच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण पेडलचे झिजलेले रबर सहसा खोटे बोलत नाही. आणि आमच्या गावात एक जादा परीक्षा हवी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठे पूर आले. सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली तर नमस्कार करून परत फिरावे.

हिशेब समजा असा: खरेदी ९०,०००, दुरुस्ती १८,०००, विमा व कागदपत्रे ७,०००. विक्री १,३०,००० ला झाली तर १५,००० उरतात. पण पैसा शेकडा दोन रुपये महिन्याने आणला असेल आणि गाडी तीन महिने दारात राहिली, तर ६,९०० व्याजातच जातात. म्हणून मामा नेहमी खपणारीच गाडी घेतो. ऐटबाज गाडीचे सुटे भागही महाग आणि गिऱ्हाईकही दुर्मीळ.

आता कागदाविषयी. पुष्कळ हौशी विक्रेते येथेच फसतात. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसी बुकावर कर्ज देणाऱ्या बँकेचा असतो. तो उतरवायला बँकेचा दाखला आणि नमुना ३५ लागतो. नाव बदलण्यासाठी नमुने २९ व ३०. विकणाऱ्याकडून सह्या घेऊन कागद तसेच ठेवायचे आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या नावे परस्पर गाडी करायची, अशी पद्धत आहे. तिचा धोका २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात दिसला. गाडी २००७ मध्येच विकलेली, पुढे आणखी काही हातांतून गेलेली. तरी २००९ च्या अपघाताची भरपाई नोंदीत नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओकडून प्राधिकारपत्रही घ्यावे लागते.

विकताना खोड सांगावी की झाकावी? बाजारात सांगणाऱ्याला वेडा समजतात. मामा मात्र काय बदलले आणि काय बदलायचे राहिले, हे कागदावर लिहून देतो. त्यामुळे दोन-तीन हजार कमी येतात. पण निफाड-दिंडोरीकडचे शेतकरी भावाला, मेहुण्याला घेऊन पुन्हा त्याच्याकडेच येतात. पेठ रोडच्या आरटीओत नव्या मालकाचे नाव चढेपर्यंत तो दुसऱ्या गाडीचे बयाण्याचे पैसे मोजत नाही.