पट्टा ओरडतो, दोष पुलीचा

रत्नागिरीहून बसणी, काळबादेवी मागे टाकून गणपतीपुळ्याकडे निघालं की आरे-वारेचा चढ लागतो. डाव्या हाताला खाली सुरूचं बन आणि त्यापलीकडे पुळण. लोक वर थांबून समुद्राचे फोटो काढतात. आम्ही मात्र गेल्या वैशाखात तिथे थांबलो ते बॉनेट उघडायला. थोरल्या काकांचा जुना टाटा-मर्सिडीज ट्रक, हौद्यात जांभ्याचे चिरे, गाडी दुसऱ्या गिअरवर, आणि पंख्याच्या बाजूने एकसारखं चिक, चिक, चिक.

पाच मिनिटांत चार माणसं जमली आणि चार सल्ले मिळाले. पट्टा ढिला झालाय, ताणा. खाऱ्या हवेने होतं असं. साबण चोळा. नवा पट्टा टाका. सगळे मनापासून सांगत होते, आणि जुन्या गाड्या असलेल्या कुठल्याही गावात हेच चार सल्ले ऐकू येतात. म्हणून एकेक तपासून बघायला हवा.

आधी आवाज. ढिला पट्टा लांबलचक किंचाळतो, तोही जोर पडला की: गाडी सुरू होताना, हेडलाइट लावल्यावर. पुली ओळीत नसेल तर आवाज तुटक येतो आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर भरभर होत जातो. खात्री करायची असेल तर सैल कपडे आवरून, लांबूनच, चालू पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडावं. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर गप्प होऊन पुन्हा सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आमचा क्षणभरच गप्प झाला.

अशा वेळी पट्टा ताणणं हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. ओढ वाढली की आवाज काही दिवस दबतो, पण ती सगळी ओढ अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर आडवी येते. सर्वात लांब मोकळ्या भागावर अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबला की ताण पुरे. ‘तुटला तर काय, बॅटरी चार्ज होणार नाही एवढंच’ हेही खरं नाही. बहुतेक जुन्या इंजिनांत तोच पट्टा वॉटर पंप आणि पंखा फिरवतो. चढावर तो गेला तर इंजिन तापायला वेळ लागत नाही.

साबण, मेण, तेल यांचं काय? हा पट्टा तळावर चालत नाही, दोन तिरक्या बाजूंनी खाचेत पाचरीसारखा बसतो आणि त्या बाजूंच्या पकडीवरच पुली फिरवतो. साबण किंवा मेण लावणं म्हणजे पकडच काढून घेणं, आणि तेल तर रबरच फुगवतं. खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर पट्टा झिजून खाली टेकलाय असं समजावं.

खाऱ्या हवेच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की खाचेत गंज धरतो आणि तो पट्ट्याला काचकागदासारखा घासतो. तो साफ केलाच पाहिजे. पण हवा पुलीला जागेवरून हलवत नाही. आमच्या ब्रॅकेटवर रबराची काळी पूड साचली होती आणि पट्ट्याची एकच बाजू खरवडलेली होती. त्या आधीचे दोन पट्टे तसेच गेले होते. पुली वाकडी असताना नवा पट्टा टाकणं म्हणजे तोही घालवणं.

मग पुली हलली कशी? टाटांची टेल्को आणि डेमलर-बेंझ यांच्या ज्या करारातून हे टाटा-मर्सिडीज ट्रक आले, तो 1954 सालचा, आणि तो 1969 पर्यंत चालला. त्या काळच्या ट्रकांवर डायनामा असे. इंजिन संथ असताना डायनामा जेमतेम वीज देतो, अल्टरनेटर तेव्हाही पुरेशी देतो. त्यामुळे पुढे अनेक मालकांनी बदल करून घेतला, आणि तो योग्यच होता. पण नव्या यंत्राचे कान, त्याची पुली, तिची जाडी, सगळंच वेगळं. ते अंतर भरून काढायला जो तो वायसर घालतो.

आमच्याकडेही पूर्वी एका गॅरेजात तेच झालं होतं, तेही काळजीपूर्वक. कारागिराने पट्टी लावून दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडा अगदी जुळवल्या होत्या. इथेच खरी गफलत आहे, आणि ती चांगल्या हातांकडूनही होते. पट्टा कडेवर चालत नाही, खाचेत चालतो. आम्ही व्हर्नियर लावला. खालच्या क्रँक पुलीच्या खाचेचा मध्य तिच्या कडेपासून 14 मिलिमीटर आत, अल्टरनेटरच्या पुलीचा फक्त 8. कडा जुळलेल्या, पण खाचा 6 मिलिमीटरने चुकलेल्या, म्हणजे जवळजवळ दोन सूत. अशा पट्ट्याला साधारण अर्ध्या अंशापर्यंतचा वाकडेपणा सोसतो, म्हणजे फुटामागे अडीच मिलिमीटरच्या थोडं वर. आमच्या दोन पुल्यांत अंतर दीड फूट. चार मिलिमीटरपर्यंत कसंबसं चाललं असतं, सहा नाही.

‘पहारीने ब्रॅकेट जरा ओढून घ्या’ असंही कोणी म्हणालं. तसं करू नये. पुली पुढेमागे सरकलेली असते किंवा तिरपी झालेली असते. हे दोन वेगळे दोष आहेत, आणि ब्रॅकेट वाकवलं की पहिल्यात दुसऱ्याची भर पडते.

आम्ही आधी बॅटरीची अर्थची वायर सोडली, कारण अल्टरनेटरच्या जाड तारेत गाडी बंद असतानाही वीज असते. बोल्ट काढला तेव्हा ब्रॅकेटचं भोक हादऱ्यांनी लांबट झालेलं दिसलं. लेथवर भोक गोल करून बूश ठोकला, वायसरांची चळत फेकली आणि तिच्याऐवजी 6 मिलिमीटरने कमी लांबीचा एकच अखंड स्पेसर करून घेतला. मागच्या कानाशी उरलेली फटही भरली. तिथे पोकळी ठेवून बोल्ट आवळला तर अ‍ॅल्युमिनियमचा कान तुटतो. मग चिऱ्यांची भिंत रचणारा गवंडी धरतो तशी दोरी धरली, फक्त कडेला न धरता खाचेच्या मध्याला.

पुल्या जुळल्यावर नवा पट्टा चढवला. तो पहिल्या दोनेकशे किलोमीटरांत थोडा सैलावतो, म्हणून तेवढं अंतर झाल्यावर आरे-वारेच्या चढावर त्याच जागी थांबलो. इंजिन बंद करून अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला, अल्टरनेटरच्या स्टेचा बोल्ट एक आटा फिरवला आणि ब्रॅकेटवरून पांढरं फडकं फिरवलं. त्यावर तांबडी धूळ आली, चिऱ्यांची. काळी पूड नव्हती.