लसीकरणाचा दिवस व बालकाचे पहिले पुस्तक

इयत्ता पहिलीत नाव दाखल होते तेव्हा बालक सहा वर्षांचे असते. परंतु त्याची भाषा तत्पूर्वीच पुष्कळशी घडलेली असते. ज्या घरी मुलाशी बोलणे, गोष्ट सांगणे, चित्र दाखविणे घडते, ते मूल शब्दांची शिदोरी घेऊन शाळेत येते. ज्यास हे लाभले नाही, त्यास शब्द व अक्षर ही दोन्ही ओझी एकदम उचलावी लागतात.

या सहा वर्षांत शिक्षकाची व बालकाची गाठ क्वचितच पडते. आरोग्यसेविकेची मात्र पडते. जन्मतः, 6, 10 व 14 आठवडे, 9 महिने, 16 ते 24 महिने व पाचवे वर्ष, अशा निदान सात वेळा बालकास लसीकरणासाठी आणले जाते. अशाच आरोग्यभेटींचा उपयोग अमेरिकेतील बॉस्टन येथील रुग्णालयात 1989 साली सुरू झालेल्या ‘रीच आउट अँड रीड’ या उपक्रमाने केला. डॉक्टर तपासणीच्या वेळी बालकाच्या हाती पुस्तक देत आणि ते कसे वाचून दाखवावे हे पालकांस समजावीत. डॉक्टरांच्या शब्दास घरात मान असतो, हेच त्यातील मर्म. ‘मूल येत नसेल तर शिक्षणाने त्याच्या अंगणात जावे’ हे तत्त्व आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 पासून बोर्डी येथे आचरिलेच होते.

जोतिबाच्या डोंगरावरील वाडी रत्नागिरीसारख्या गावी हे कसे साधावे? चैत्र यात्रेच्या दिवसांत नारळ-गुलालाच्या दुकानी बसणाऱ्या मातेस स्वतंत्र सभेस येण्यास सवड नसते. लस टोचून घेण्यास मात्र ती येते. म्हणून चौथीच्या मुलांकडून जाड पुठ्ठ्याची आठ पानी चित्रपुस्तके करवून घ्यावीत. सासनकाठी, घोडा, नारळ, दवणा ही परिचित चित्रे त्यांत असावीत. पुस्तके अंगणवाडीत ठेवावीत व सेविकेने लस देण्यापूर्वीच एक बालकाच्या हाती द्यावे.

मातेस एवढेच सांगावे : सहा महिन्यांचे मूल पुस्तक तोंडात घालील, त्यास रागावू नये. वर्षाचे मूल बोट दाखवील, त्या वस्तूचे नाव सांगावे. तीन वर्षांचे मूल स्वतः गोष्ट सांगेल, ती ऐकावी. मातेस अक्षरओळख नसली तरी अडत नाही. चित्रावरून बोलता येते. या वयात अक्षरे गिरविण्याची सक्ती मात्र करू नये.

याच वेळी बालक आवाजाकडे वळत नाही किंवा चित्राकडे पाहत नाही असे आढळल्यास सेविकेने ते नोंदवावे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अंगणवाडीतील मुलांची तपासणी वर्षातून दोनदा व्हावी अशी योजना आहे; त्या पथकास ते मूल आवर्जून दाखवावे. कानाचा दोष पहिलीच्या वर्गात ‘मंदबुद्धी’ म्हणून गणला जाण्यापूर्वी कळणे, हा त्या बालकाचा हक्क आहे.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या शाळेत येणारे मूल रिकाम्या ओंजळीने येऊ नये, एवढी काळजी शिक्षकांनी आरोग्यसेविकेच्या साहाय्याने वाहावी.