शिळा भात आणि उकळीचा भरवसा

रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणे ही आपल्याकडची घरोघरची रीत. ताज्या भाताला फोडणी दिली तर त्याचा लगदा होतो. शिळ्या भाताचा दाणा मात्र सुटा राहतो, कारण थंड होताना भातातील स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून दाणा टणक बनतो. अन्न टिकवण्याचा धडा शिकवताना वर्गातला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, शिळे खाऊ नये असे पुस्तकात लिहिले आहे, पण आमच्याकडे तर रोज खातात. कोणाला काही होत नाही." हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरेच आहे. मग जेव्हा होते तेव्हा का होते?

यावर मोठी माणसे सहसा दोन कसोट्या सांगतात. वास घेऊन पाहा, आंबूस आला नाही तर खा. आणि खाताना खडखडून गरम करून घ्या. दोन्ही सल्ले निरर्थक नाहीत, पण दोन्ही अर्धेच आहेत, आणि जिथे ते फसतात तिथे फार वाईट फसतात.

वासाचे आधी पाहू. अन्न आंबट करणारे, बुळबुळीत करणारे, वास आणणारे सूक्ष्मजीव आणि माणसाला आजारी पाडणारे सूक्ष्मजीव हे बरेचदा वेगवेगळे असतात. नासलेली आमटी आपण ओततो म्हणून ती आपल्याला बाधत नाही. ज्या अन्नाला ना वास ना चव बदललेली, ते आपण निर्धास्तपणे खातो. नाक हे नासके अन्न ओळखण्याचे साधन आहे, विषारी अन्न ओळखण्याचे नव्हे.

आता उकळीकडे वळू. भात शिजताना पाणी १०० अंश सेल्सियसला उकळत असते. या तापमानाला जिवंत, वाढते जीवाणू काही मिनिटांत मरतात. तरीही झाकून ठेवलेल्या भातात सकाळी जीवाणू सापडतात. ते सगळे हवेतून किंवा डावावरून आलेले असतात काय? काही तसे येतातही. पण काही मुळात तांदळातच असतात आणि उकळी पचवून शिल्लक राहतात.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या कोड्याने मोठमोठ्यांना चकवले होते. जॉन टिंडाल हे नाव आपल्याला प्रकाशाच्या विकिरणामुळे माहीत आहे. हाच टिंडाल १८७६-७७ च्या सुमारास लंडनमध्ये वनस्पतींचे अर्क उकळून ते निर्जंतुक राहतात का, हे तपासत होता. आधी पाच मिनिटांची उकळी पुरत असे. मग प्रयोगशाळेत वाळलेल्या गवताचे भारे आले आणि सगळे बिघडले. तासन्‌तास उकळलेले अर्कही गढूळ होऊ लागले. त्याच सुमारास, १८७६ साली, जर्मनीत फर्डिनांड कोन याने गवतातल्या जीवाणूंचे बीजाणू वर्णन केले होते. काही जीवाणू परिस्थिती बिकट झाली की आपल्या आनुवंशिक द्रव्याभोवती जाड कवचे चढवतात, आतले पाणी कमी करतात आणि जवळजवळ निर्जीवासारखे पडून राहतात. असा बीजाणू वर्षानुवर्षे टिकतो आणि उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही.

टिंडालने यावर काढलेली युक्ती शिकवण्यासारखी आहे. त्याने अर्क थोडाच वेळ उकळला आणि ठेवून दिला. मधल्या वेळात उरलेले बीजाणू 'फुटले', म्हणजे त्यांतून साधे, नाजूक जीवाणू बाहेर आले. त्यांनी नवे बीजाणू तयार करायच्या आत पुन्हा थोडा वेळ उकळले. असे काही वेळा केल्यावर अर्क निर्जंतुक झाला. जे काम पाच तासांच्या सलग उकळीने झाले नव्हते, ते मिनिटा-दोन मिनिटांच्या उकळ्यांनी योग्य अंतराने केले. फ्रिज नसलेल्या घरी दूध सकाळ-संध्याकाळ तापवायचे, आमटी रात्री निजण्यापूर्वी एकदा उकळून ठेवायची, यामागचे तत्त्व याच जातीचे आहे.

तांदळात आढळणाऱ्या अशा जीवाणूचे नाव बॅसिलस सिरियस. 'सिरियस' म्हणजे मेणासारखा. प्रयोगशाळेत वाढवल्यावर त्याच्या वसाहती मेणचट दिसतात, म्हणून हे नाव. तो मुळात मातीतला रहिवासी. शेतातून भातावर, भातातून तांदळावर, तांदळातून आपल्या पातेल्यात असा त्याचा प्रवास होतो. तांदूळ धुतल्याने काही बीजाणू जातात, सगळे जात नाहीत. शिजण्याच्या उष्णतेने त्यांचे प्रतिस्पर्धी मरतात आणि बीजाणूंना मात्र जाग येते. पातेले निवत निवत ५० अंशांच्या खाली आले की पाणी, अन्न आणि ऊब यांनी भरलेले मोकळे रान त्यांच्या स्वाधीन होते.

यापुढचे गणित फळ्यावर मांडावे. शिजलेल्या भातात दर ग्रॅममागे १०० बीजाणू उरले असे धरू. फुटून वाढीला लागायला त्यांना दोन तास लागले. खोलीचे तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर भातात हा जीवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. रात्री आठला शिजवलेला भात सकाळी सातला खाल्ला, म्हणजे अकरा तास. पहिले दोन वजा केले की नऊ तास उरतात, त्यात अठरा दुपटी होतात. २ चा १८ वा घात २,६२,१४४. म्हणजे शंभराचे झाले अडीच कोटींहून अधिक. आजार व्हायला ग्रॅममागे साधारण एक लाखापासून पुढे संख्या लागते. आता हाच भात थंडीत, वीस अंशांच्या खोलीत आहे असे समजा आणि दुपटीला दीड तास लागतो असे धरा. नऊ तासांत सहाच दुपटी, शंभराचे सहा हजार चारशे. तोच भात, तेच पातेले, तेच अकरा तास. एकीकडे धोक्याच्या कितीतरी पलीकडे, दुसरीकडे कितीतरी अलीकडे. 'आमच्याकडे काही होत नाही' या अनुभवात किती भाग डिसेंबरचा आणि किती मे महिन्याचा, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

आता सकाळी फोडणी दिली. जीवाणू बहुतेक मेले. मग प्रश्न मिटला, असे वाटते. इथेच उकळीचा भरवसा संपतो. बॅसिलस सिरियसचे काही वाण वाढताना भातात एक विष सोडतात. त्याचे नाव सेर्युलाइड. हा लहानसा, कड्यासारखा बंद रेणू आहे. त्याची घडण अशी की उष्णता त्याचे काही बिघडवू शकत नाही. १२१ अंशांना दीड तास ठेवूनही तो टिकतो. घरच्या प्रेशर कुकरचे तापमानही साधारण १२० अंशांपर्यंतच जाते. जीवाणू मरतो, त्याने केलेले विष राहते. त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. म्हणून उकळी कधी दिली याला महत्त्व आहे. जीवाणू वाढण्याआधी दिलेली उकळी उपयोगी. वाढून गेल्यावर दिलेली उकळी म्हणजे चोर पळाल्यावर लावलेले कुलूप.

हे सारे उघडकीला आले ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ब्रिटनमध्ये. तिथल्या चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांत फोडणीसारखा परतलेला भात खाऊन अनेकांना उलट्या झाल्या. भात आदल्या दिवशी मोठ्या प्रमाणावर शिजवून बाहेरच ठेवत आणि गिऱ्हाईक आले की तव्यावर मिनिटभर परतून देत. फ्रिजमध्ये ठेवला तर दाणे चिकटतात, ही स्वयंपाक्यांची तक्रार. आपल्या फोडणीच्या भाताचे हे थेट भावंडच.

हा आजार बहुधा दिवसभरात आपोआप बरा होतो, म्हणून तो फारसा नोंदलाही जात नाही. क्वचित मात्र तो यकृतावर जातो. बेल्जियममध्ये २००३ साली एका कुटुंबातील पाच मुले पास्त्याचे सॅलड खाऊन आजारी पडली आणि त्यांतली सात वर्षांची मुलगी दगावली. सॅलड शुक्रवारी केलेले, शनिवारी सहलीला नेलेले, उरलेले फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी खाल्लेले. त्या फ्रिजचे तापमान मोजले तेव्हा ते १४ अंश निघाले! त्याच देशात २००८ साली वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेला पास्ता गरम करून खाल्ल्याने मरण पावला. अशा घटना फार विरळा आहेत, आणि विद्यार्थ्यांना घाबरवण्यासाठी त्या सांगू नयेत. पण 'गरम केले होते' आणि 'फ्रिजमध्ये होते' ही दोन्ही समाधाने किती तकलादू आहेत, हे त्यांतून दिसते.

इतर जीवाणूंबद्दल थोडक्यात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या नाकात आणि हाताच्या फोडांत असतो. शिजल्यावर हाताळलेल्या पदार्थांत तो शिरतो. खवा, मिठाई, सोललेले उकडलेले बटाटे ही त्याची आवडती ठिकाणे. त्याचेही विष अर्ध्या तासाच्या उकळीला पुरून उरते. मोठ्या भांड्यातले मटण किंवा रस्सा यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स वाढतो. अनुकूल उबेत तो दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. त्याचे विष मात्र आपल्या आतड्यात गेल्यावर तयार होते, त्यामुळे तिथे खाण्यापूर्वीची सणसणीत उकळी खरोखर कामाची ठरते. अडचण अशी की पातेल्यात यांपैकी कोण बसला आहे, हे बाहेरून कळत नाही.

मग आपल्या पूर्वजांचे शिळे अन्न? त्यांनी सगळेच शिळे एका मापाने मोजले नव्हते. प्रवासाची शिदोरी आठवा. दशम्या, भाकरी, गूळपोळी, शेंगदाण्याची चटणी. आमटी-भात शिदोरीत कोणी बांधला नाही. कोरड्या भाकरीत जीवाणूंना वापरता येईल असे पाणी कमी, गूळपोळीच्या सारणात गुळाने ते अडवून धरलेले, लोणच्यात मीठ आणि आंबटपणा. आंबील, इडलीचे पीठ, ओडिशातला पाण्यात भिजवलेला पखाळ भात यांत लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू आधी जम बसवतात. सामू ४.५ च्या खाली गेला की बॅसिलस सिरियसची वाढ थांबते. पण आम्ल तयार व्हायला वेळ लागतो, आणि नुसत्या पाण्यात बुडवल्याने भात लगेच सुरक्षित होतो असे नाही. दही किंवा ताक घालून कालवलेला भात त्यामानाने बरा, कारण आंबटपणा पहिल्या क्षणापासून असतो. नुसता ओला, आळणी, झाकलेला भात हा यांपैकी कोणत्याच संरक्षणाखाली येत नाही.

शिक्षकांना हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. माध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांनुसार मुलांना वाढण्यापूर्वी अन्न दोन-तीन प्रौढांनी चाखायचे असते आणि त्यांत किमान एक शिक्षक असावा लागतो. नियम चांगला आहे. तेलाचा विचित्र वास, कच्चेपणा, करपलेपणा त्याने कळतो. पण सेर्युलाइड जिभेला कळत नाही, आणि चाखणाऱ्याला त्रास व्हायला अर्ध्या तासापासून सहा तास लागू शकतात. तोवर पंगत उठलेली असते. म्हणून चाखण्याइतकेच घड्याळ पाहणे महत्त्वाचे. खिचडी शिजून उतरवल्यापासून वाढेपर्यंत किती वेळ गेला? जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहू नये. ठेवायचे तर ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड. गरमागरम वाढलेल्या खिचडीला फारसे भय नाही. सकाळच्या सत्रात उरलेली खिचडी झाकून ठेवून दुपारच्या सत्राला 'गरम करून' देणे, हे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे.

मोठे पातेले स्वतःहून लवकर निवत नाही. खिचडीसारख्या घट्ट पदार्थात अभिसरण जवळजवळ होत नाही, उष्णता वहनानेच बाहेर पडते, आणि वहनाने निवायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नुसत्या वहनाचा विचार केला तर परातीतल्या ५ सेंटिमीटर थरापेक्षा पातेल्यातल्या ३० सेंटिमीटर थराला छत्तीस पट वेळ लागेल. घरी भात उरलाच तर तो परातीत पसरावा, वाफ जाऊ द्यावी आणि तासाभरात उथळ डब्यातून फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर पाण्यात ठेवलेले भांडे किंवा ओले फडके तापमान काही अंशांनी उतरवते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात बऱ्यापैकी, कोकणच्या दमट हवेत फारच थोडे. त्याने वाढ मंदावते, थांबत नाही. तिथे बेताचाच भात टाकणे हा खरा उपाय.

हा भाग वर्गात करून पाहण्यासारखा आहे. एकाच पातेल्यातला गरम भात निम्मा उंच डब्यात आणि निम्मा ताटात पसरून घ्यावा, दोन्हींच्या मध्यभागी प्रयोगशाळेतला तापमापक खुपसून दर दहा मिनिटांनी नोंद करावी आणि आलेख काढावा. ६० अंशांपासून ३० अंशांपर्यंत यायला प्रत्येकाला किती वेळ लागला ते पाहावे. तापमापक अल्कोहोलचा घ्यावा, पाऱ्याचा नको. आणि प्रयोगाचा भात कोणी खाऊ नये. भात मुद्दाम नासवून जीवाणू वाढवण्याचा प्रयोग शाळेत करू नये. त्यापेक्षा घरच्या फ्रिजमध्ये पेलाभर पाण्यात तापमापक रात्रभर ठेवून सकाळी आकडा लिहून आणायला सांगावे. वीज जाण्याच्या वेळाही सोबत लिहाव्यात. दार न उघडता फ्रिज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो. तीस-चाळीस घरांचे आकडे फळ्यावर मांडले की ५ अंशांच्या खाली किती फ्रिज आहेत, हे वर्गाला समोरच दिसेल.