टॉक रेडिओचा ताळेबंद

अमेरिकेच्या राजकारणाविषयी लिहिताना अध्यक्ष, निवडणुका आणि न्यायालये यांची चर्चा अपरिहार्यपणे होते. दुपारच्या वेळी मोटारीत, दुकानात आणि कारखान्यात ऐकल्या जाणाऱ्या रेडिओची चर्चा त्या मानाने कमी होते. वास्तविक कर, सरकारी खर्च, स्थलांतर आणि बँका या प्रश्नांवर तेथील उजव्या विचारसरणीच्या मतदाराचे मत घडविण्यात गेल्या साडेतीन दशकांत ‘टॉक रेडिओ’चा वाटा फार मोठा आहे. टॉक रेडिओ म्हणजे गाणी नसलेला, केवळ बोलण्याचा रेडिओ. एक निवेदक रोज दोन-तीन तास चालू घडामोडींवर भाष्य करतो, श्रोते दूरध्वनी करून आपले म्हणणे मांडतात आणि मध्ये मध्ये जाहिराती लागतात. या प्रकाराकडे बहुधा राजकारण म्हणून पाहिले जाते. परंतु तो मुळात एक व्यापार आहे, आणि त्याची जमा-खर्चाची वही उघडल्यावरच त्याचे राजकारण नीट उलगडते.

पडून राहिलेला माल

१९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील संगीताचा श्रोता एएम वाहिन्या सोडून एफएमकडे वळला. एफएमचा आवाज स्वच्छ आणि स्टिरिओ, तर एएमचा खरखरीत. एएम केंद्रांच्या मालकांकडे परवाना, मनोरे, जमीन आणि कर्मचारी सर्व काही होते. नव्हते ते गिऱ्हाईक. ज्या पेढीचे भाडे चालू आहे पण काउंटरवर कोणी येत नाही, तिच्यासारखी या केंद्रांची अवस्था झाली. बोलण्याला मात्र संगीताइतका स्वच्छ आवाज लागत नाही. एक माणूस, एक मायक्रोफोन आणि दूरध्वनीची जोडणी एवढ्या भांडवलावर तीन तासांचा कार्यक्रम उभा राहू शकत होता. आर्थिक गरज होती, साधनेही होती. आड येत होता तो एक नियम.

नियम गेला, वाट मोकळी झाली

१९४९ साली तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ या नावाने ओळखले जाणारे धोरण निश्चित केले. परवानाधारक केंद्राने सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नांना वेळ द्यावा आणि वादग्रस्त प्रश्नाची दुसरी बाजूही ऐकवावी, अशा दोन अपेक्षा त्यात होत्या. प्रसारणाच्या लहरी मर्यादित आहेत, त्या जनतेच्या मालकीच्या आहेत आणि परवानाधारक हा त्यांचा विश्वस्त आहे, ही त्यामागची भूमिका. पेनसिल्व्हेनियातील रेड लायन येथील एका केंद्रावरून १९६४ साली एका धर्मोपदेशकाने एका पत्रकारावर टीका केली. पत्रकाराने उत्तरासाठी वेळ मागितला, केंद्राने तो विनामूल्य देण्यास नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली.

नियमामागचा हेतू चांगला असला तरी व्यवहारात त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. एक मत ऐकवले तर दुसऱ्यासाठी वेळ काढावा लागेल, तक्रार आली तर वकिलाचा खर्च येईल, या धास्तीने अनेक केंद्रे वादग्रस्त विषयच टाळू लागली. रेगन प्रशासनाच्या काळात आयोगाचे अध्यक्ष झालेले मार्क फाउलर यांचे म्हणणे असे की, केंद्रांची संख्या वाढली आहे, केबल आली आहे, तेव्हा निवड बाजारावर सोडावी. संसदेने हा नियम कायद्यात आणण्याचा प्रयत्न केला. परंतु जून १९८७ मध्ये रेगन यांनी नकाराधिकार वापरला आणि ऑगस्टमध्ये आयोगाने तो नियम सोडून दिला. रेगन स्वतः रेडिओतून पुढे आलेले. १९३०च्या दशकात त्यांनी आयोवा राज्यात क्रीडा समालोचन केले होते आणि १९७५ ते १९७९ या काळात, गव्हर्नरपद सोडल्यानंतर आणि अध्यक्ष होण्यापूर्वी, ते रेडिओवर छोटी राजकीय भाष्ये करीत असत. या माध्यमाची ताकद त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

छप्पन्न केंद्रांपासून

१ ऑगस्ट १९८८ रोजी रश लिम्बॉ यांचा कार्यक्रम छप्पन्न केंद्रांवरून देशभर सुरू झाला. लिम्बॉ यांचा जन्म १९५१ सालचा, मिसुरी राज्यातील केप जिरार्डो गावचा. घराणे वकिलांचे, पण या मुलाचे मन शिक्षणात रमले नाही. अनेक केंद्रांवरून नोकरी गेल्यानंतर १९८४ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे त्यांना सूर सापडला. एबीसीच्या रेडिओ विभागाचे माजी प्रमुख एड मॅक्लॉफ्लिन यांनी त्यांना न्यूयॉर्कला आणले.

या कार्यक्रमाचा सौदा व्यापारी माणसाने लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. केंद्रांकडून आरंभी रोख रक्कम घेतली जात नसे. केंद्राने कार्यक्रम घ्यावा आणि मोबदल्यात जाहिरातीची काही मिनिटे वितरकाला द्यावीत. उरलेली मिनिटे केंद्राने स्थानिक पातळीवर विकावीत. डबघाईला आलेल्या केंद्राला तीन तासांचा माल जवळजवळ फुकट मिळाला, तर वितरकाला देशव्यापी बाजारपेठ. छप्पन्न केंद्रांची संख्या पुढे सुमारे सहाशेवर गेली.

परंतु केवळ फुकट मिळतो म्हणून माल खपत नाही. त्याला मागणी असावी लागते, आणि ती खरोखरच होती. लहान दुकानदार, शेतकरी, मालमोटारीचे चालक, गावोगाव फिरणारे विक्रेते यांना न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनची वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी आपली वाटत नव्हती. कर भरताना होणारी दमछाक, परवान्यांचे अर्ज, तपासनीसांच्या फेऱ्या आणि सरकारी उधळपट्टी यांविषयी त्यांच्या मनातले बोलणारा आवाज त्यांना प्रथमच रोज ऐकू येऊ लागला. लिम्बॉ यांची शैली विनोदाची, नकलांची आणि विडंबनाची होती. अर्थसंकल्पासारखा रुक्ष विषय ते हसत-खेळत तीन तास चालवीत. १९९४च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृहात चाळीस वर्षांनंतर बहुमत मिळाले, तेव्हा नव्या सदस्यांनी लिम्बॉ यांना आपल्या तुकडीचे मानद सदस्य म्हणून गौरविले. रेडिओचे ऋण पक्षाने जाहीरपणे मान्य केले, असाच त्याचा अर्थ.

१९९६च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादा काढून टाकली. क्लिअर चॅनल या कंपनीकडे काही वर्षांतच बाराशेच्या आसपास केंद्रे आली. गावातल्या निवेदकाची जागा दूरच्या शहरातून येणाऱ्या एकाच आवाजाने घेतली. २००८ साली लिम्बॉ यांच्याशी झालेला आठ वर्षांचा करार सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याचे प्रसिद्ध झाले.

सोमवार, २९ सप्टेंबर २००८

या माध्यमाचे बळ आणि त्याच्या मर्यादा एकाच प्रसंगात पाहावयाच्या असतील, तर तो प्रसंग २००८च्या बँक संकटाचा. लीमन ब्रदर्स बुडाल्यानंतर सरकारने वित्तसंस्था सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची योजना संसदेपुढे ठेवली. अध्यक्ष बुश रिपब्लिकन, योजना त्यांच्याच प्रशासनाची. तरीही उजव्या विचारांच्या बहुतेक निवेदकांनी तिला कडाडून विरोध केला. ज्यांनी जुगार खेळला त्यांनी तोटा सोसावा, प्रामाणिक करदात्याने तो का भरावा, असा त्यांचा सवाल. नफा खाजगी आणि तोटा सार्वजनिक हा न्याय कोणत्याही सचोटीच्या व्यापाऱ्याला रुचणारा नाही. म्हणून हा सवाल उथळ म्हणून झटकून टाकता येत नाही. खासदारांच्या कार्यालयांत विरोधाच्या दूरध्वनींचा पाऊस पडला.

२९ सप्टेंबरच्या दुपारी प्रतिनिधिगृहाने योजना २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळली. विरोधी मतांपैकी १३३ रिपब्लिकनांची, ९५ डेमोक्रॅटांची होती. त्या दिवशी डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. ज्यांचे आयुष्यभराचे निवृत्तिधन शेअर बाजारात गुंतले होते, त्यांत रेडिओचे निष्ठावंत श्रोतेही होतेच. पाचव्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, सुधारित योजना २६३ विरुद्ध १७१ मतांनी मंजूर झाली. बाजार त्यानंतरही घसरतच राहिला आणि मार्च २००९ मध्ये तळाला गेला.

पुढील हिशेब मात्र दोन्ही बाजूंना अंतर्मुख करणारा आहे. या योजनेतून बँकांत घातलेल्या सुमारे २४५ अब्ज डॉलरच्या बदल्यात सरकारी तिजोरीत सुमारे २७५ अब्ज डॉलर परत आले. पैसा बुडणार हे भाकीत बँकांपुरते चुकीचे ठरले. मोटार कंपन्यांना दिलेल्या मदतीत मात्र तोटा झाला. शिवाय लाखो कुटुंबांची घरे कर्जापायी गेली आणि बड्या बँकांचे अधिकारी बहुतांशी सुरक्षित राहिले, हा संतापही खराच होता. तो संताप २०१०च्या निवडणुकीत प्रकट झाला आणि रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागांची भर घातली.

कर्ज बुडणार असे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला ते वसूल झाल्यावर खातेवहीत तशी नोंद करावीच लागते. रोजच्या भाष्याला अशी वही नसते. कालचे भाकीत चुकले तरी आज नवा विषय, नवा राग आणि नवा श्रोता हजर असतो.

वक्ता आणि विक्रेता

या व्यवसायातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट जाहिरातींत दडलेली आहे. टॉक रेडिओवर अनेक जाहिराती निवेदक स्वतःच्या आवाजात वाचून दाखवितो. ज्या आवाजावर श्रोत्याचा विश्वास बसला, तोच आवाज गादी, औषध किंवा गुंतवणूक सुचवितो. यात सोन्याची नाणी विकणाऱ्या कंपन्यांचे स्थान ठळक होते. सरकार नोटा छापत आहे, डॉलर कोसळणार, असे भाष्य व्हावे आणि जाहिरातीची वेळ आली की त्याच आवाजाने सोने घेण्याचा सल्ला द्यावा, असा हा क्रम.

सोने ही वाईट गुंतवणूक नव्हे, हे येथील घरांना सांगावयास नको. प्रश्न भावाचा होता. १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांकडील सोने सरकारजमा करण्याचा आदेश काढला, तेव्हा दुर्मीळ नाण्यांना त्यातून सूट होती. त्या इतिहासाचा हवाला देऊन काही विक्रेते ग्राहकाला साध्या सोन्याऐवजी संग्राह्य नाणी घेण्यास प्रवृत्त करीत. अशा नाण्याची किंमत त्यातील धातूच्या मोलापेक्षा पुष्कळ अधिक असे आणि विकावयास गेल्यावर ती तफावत ग्राहकाच्या अंगावर पडे. घडणावळ आणि मोड यांतला फरक जाणणारा सराफ हा व्यवहार क्षणात ओळखील. रेडिओ ऐकणाऱ्या निवृत्त शिक्षकाला तो ओळखता येतोच असे नाही. ज्याच्या उत्पन्नाचा एक भाग श्रोत्याच्या भीतीवर अवलंबून आहे, त्याच्या अर्थविषयक मताचे वजन किती धरावे, हा खरा प्रश्न आहे.

आजची शिल्लक

१७ फेब्रुवारी २०२१ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने लिम्बॉ यांचे निधन झाले. त्याच्या वर्षभर आधी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला होता. स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजांविषयी त्यांनी वापरलेल्या भाषेमुळे अनेकांना तो सन्मान खटकला. २०१२ साली अशाच एका शेरेबाजीनंतर कित्येक जाहिरातदारांनी त्यांच्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली होती. उदारमतवाद्यांनी याच धर्तीवर २००४ साली ‘एअर अमेरिका’ सुरू केली. ती २०१० साली बंद पडली. पेढीची नक्कल करता येते, तिचे गिऱ्हाईक सहजासहजी उचलता येत नाही.

क्लिअर चॅनलची कथाही बोधप्रद आहे. २००८ साली ही कंपनी प्रचंड कर्ज काढून विकत घेण्यात आली, पुढे तिचे नाव आयहार्टमीडिया झाले आणि मार्च २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जाखाली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारी कर्जावर रोज टीका ऐकविणाऱ्या ध्वनिक्षेपकामागे असा कर्जाचा डोंगर उभा होता. दरम्यान विजेवर चालणाऱ्या मोटारींतून एएम रेडिओ वगळण्यास काही उत्पादकांनी सुरुवात केली, कारण त्यांच्या यंत्रणेचा एएमच्या ग्रहणात अडथळा येतो. तो प्रत्येक मोटारीत सक्तीचा करावा, असे विधेयक २०२३ साली दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून मांडले. बाजारावर सोडा म्हणणाऱ्यांतील अनेकांनी येथे सरकारी सक्तीची बाजू घेतली, हेही नमूद करण्यासारखे.

भारतात खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. अटींसह आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी पुनःप्रक्षेपित करता येतात. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली म्हटले. त्यामुळे अमेरिकेसारखा टॉक रेडिओ येथे उभा राहिला नाही. परंतु त्याची रीत भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून येथील दुकानात आणि दिवाणखान्यात पोहोचली आहे. अर्थसंकल्प, वस्तू व सेवा कर, शेअर बाजार, सोन्याचा भाव, या सर्वांवर ठाम आवाजात बोलणारे आता पुष्कळ आहेत आणि त्यांतील काहींचे ऐकून घरातील तरुण गुंतवणूकही करतात.

अनोळखी व्यापाऱ्याला उधारीवर माल देण्यापूर्वी जुनी पेढी चार चौकशा करीत असे. त्याच चौकशा आवाजाच्या बाबतीतही करता येतात. याच्या बोलण्याचे पैसे कोण देतो? याचे म्हणणे चुकले तर नुकसान कोणाचे? मागील भाकितांचा हिशेब याने कधी दिला आहे का? दुसऱ्या बाजूचे म्हणणे हा तिच्याच शब्दांत ऐकवितो, की विडंबन करून? अमेरिकेत १९८७ पर्यंत दुसरी बाजू ऐकविण्याची जबाबदारी, अपुरी का होईना, नियमाने केंद्रावर टाकली होती. तो नियम गेला तेव्हा ती जबाबदारी श्रोत्याकडे आली. ती कोणत्याही विचारसरणीच्या श्रोत्याला टळत नाही, आणि जेथे घरचे भांडवल गुंतलेले आहे तेथे तर मुळीच नाही.